काचेची पडवी पहाटे गारठते, हीटर लावूनही तापत नाही: काय तपासायचं, काय लावायचं

डिसेंबर लागला की दापोली आणि आसपासच्या गावांतून एकाच तक्रारीचे फोन सुरू होतात. पडवीला काचा लावून घेतल्या, संध्याकाळी बसायला झकास वाटतं, पण पहाटे तिथे पाय ठेववत नाही. दोन हजार वॅटचा हीटर आणला, तो नुसता घोंघावतो, खोली काही तापत नाही. वर बिल आलं की घरात भांडण. मी वायरमन, त्यामुळे मला बोलावणं येतं ते प्लग जळला किंवा स्विच पडला म्हणून. पण बहुतेक घरांत दुखणं विजेचं नसतं. छपराचं असतं, नाहीतर मागच्या दाराचं. म्हणून ते आधी सांगतो, हीटरचं नंतर.

कोकणात कसली थंडी, असं घाटावरचे पाहुणे विचारतात. समुद्राला चिकटून असलेल्या मुरूड, कर्दे, हर्णै या गावांत खरंच फार नसते. पाणी रात्रीही उबदार राहतं आणि पारा फारसा खाली जाऊ देत नाही. दापोली मात्र सुमारे ८०० फुटांवर, समुद्रापासून आत. इथे काही वर्षी पारा १० अंशांच्याही खाली गेलेला आहे. बागायतदार या थंडीबद्दल तक्रार करत नाही, हापूसच्या मोहराला ती हवीच असते. तक्रार करतात ते पहाटे साडेपाचला उठून पडवीत चहा आणि पेपर घेऊन बसणारे आजोबा, आणि त्यांचं बरोबर आहे. काचेची खोली ही घरातली सगळ्यात लवकर गार पडणारी खोली असते.

आधी दोन थर्मामीटर

आकडे दाखवणारा साधा डिजिटल थर्मामीटर स्वस्तात मिळतो. दमटपणाही दाखवणारा घ्या, पुढे उपयोगी पडेल. एक पडवीत बसायच्या उंचीवर ठेवा, भिंतीला किंवा काचेला टेकवून नको. दुसरा बाहेर, जिथे दव पडणार नाही अशा वळचणीखाली. सकाळी सहाला दोन्ही आकडे लिहून ठेवा. तीन-चार दिवस पुरे.

आत-बाहेर फरक एक-दोन अंशांचाच असेल, तर खोली बंद नाहीच असं समजा. वारा खेळतोय. अशा खोलीत हीटर लावणं म्हणजे अंगणात हीटर लावणं. फरक चार-पाच अंशांचा असेल तर खोली बऱ्यापैकी बंद आहे, आणि आता छप्पर, काच आणि हीटर यांचा विचार करायला अर्थ आहे. हे न पाहता दुकानात गेलात तर दुकानदार मोठ्यात मोठा हीटर देणार. त्याचा दोष नाही, तुम्ही मागितलात तोच तो.

वारा समुद्राकडून येतो असं वाटतं, पहाटे तसं नसतं

ही कोकणातली खास गोष्ट. पडवी काचेची करायची ती समुद्र दिसावा म्हणून, म्हणजे पश्चिमेला. दुपारी तिकडूनच भन्नाट वारा येतो. म्हणून सगळे पश्चिमेच्या स्लायडिंगच्या फटी बुजवत बसतात. पण दुपारचा तो खारा वारा. रात्री जमीन समुद्रापेक्षा लवकर गार होते आणि वारा उलटा फिरतो. मतलई वारा, जमिनीकडून समुद्राकडे. पहाटे गारठवतो तो हाच, आणि तो येतो घराच्या मागून: परसदाराखालून, न्हाणीघराच्या जाळीतून, माजघरावरच्या कौलांच्या फटींतून. सगळं घर ओलांडून तो पडवीत उतरतो आणि स्लायडिंगच्या फटींतून बाहेर पडतो.

उदबत्ती लावून पाहा. वेळ मात्र पहाटेचीच हवी, दुपारी पाहिलंत तर धूर नेमका उलट सांगेल. घरातून पडवीत येणाऱ्या दाराच्या उंबऱ्याशी उदबत्ती धरा. धूर पडवीकडे ओढला जात असेल तर पहिलं काम त्या दाराचं. दार रात्री बंद ठेवा, उंबऱ्याशी जुन्या चादरीची वळकटी लावा, दाराच्या चौकटीला रबराची पट्टी चिकटवा. परसदाराखाली बोटभर फट असते, तिथेही तेच. एवढ्यानेच फरक पडलेली घरं मी पाहिली आहेत, आणि त्या दिवशी माझी मजुरी बुडाली म्हणून मी काही नाराज झालो नाही.

मग स्लायडिंगकडे या. अॅल्युमिनिअमच्या स्लायडिंगला दोन पल्ल्यांच्या मध्ये केसाळ पट्टी असते, फॅब्रिकेटर तिला ब्रश म्हणतात. खारी हवा आणि लाल धूळ यांनी ती काही वर्षांत बसते आणि फट उघडी पडते. पट्टी मीटरवर मिळते, बदलायला अर्ध्या दिवसाचं काम. खालच्या ट्रॅकला बाहेरच्या बाजूने छोटी भोकं असतात, ती मात्र सिलिकॉनने बुजवू नका. पावसाचं पाणी तिथूनच बाहेर जातं. हिवाळ्यात बुजवलेलं भोक जुलैत पडवीत तळं करतं.

छप्पर: इथेच निम्मं काम आहे

आपल्याकडे काचेची पडवी म्हणजे तीन बाजूंना काच आणि वर पत्रा, किंवा जुनी कौलं तशीच. सगळ्यांचं लक्ष काचेवर जातं, कारण तिला हात लावला की गार लागते. पत्र्याला कोणी हात लावत नाही.

स्वच्छ आभाळाच्या रात्री पत्रा आपली उष्णता वर आकाशाकडे फेकत राहतो आणि बाहेरच्या हवेपेक्षाही गार होतो. सकाळी पत्र्याच्या कडेवरून दवाचे थेंब टपकतात, ते त्याचमुळे. आता खाली हीटर लावला की गरम हवा वर जाते, पत्र्याला भिडते, गार होऊन भिंतीवरून खाली उतरते आणि तुमच्या मानेवर येते. हीटर चालू असताना मानेला झुळूक लागते म्हणून लोक पुन्हा खिडक्यांच्या फटी शोधतात. फट नसते, हवाच खोलीत फिरत असते.

हिशोब करून दाखवतो. १० बाय १६ फुटांची पडवी धरा, म्हणजे साधारण ३ बाय ५ मीटर. मागची लांब भिंत घराची, बाकी तीन बाजूंना गुडघ्याच्या वर काच, उंची दीड मीटर. काच झाली साडेसोळा चौरस मीटर. साध्या एकेरी काचेच्या प्रत्येक चौरस मीटरमधून आत-बाहेरच्या दर अंश फरकामागे ५.७ वॅट उष्णता जाते. म्हणजे काचेतून दर अंशाला ९४ वॅट. उघड्या पत्र्यातून १५ चौरस मीटरला जवळपास तेवढीच, ९० ते १०० वॅट. खोलीतली हवा तासाला पाच वेळा बदलत असेल, आणि फटी असलेल्या खोलीत ती बदलते, तर आणखी ६५ वॅट. सगळं मिळून दर अंशाला २५० ते २६० वॅट. बाहेर १२ अंश असताना आत २० हवे असतील तर आठ अंश गुणिले, म्हणजे दोन हजार वॅट सतत. दोन हजारचा हीटर तिथे पोचता पोचता थकतो. तो वाईट नाही, त्याच्यावर ओझं जास्त आहे.

आता पत्र्याखाली इंचभर थर्माकोल आणि पोकळी ठेवून फॉल्स सीलिंग केलंत, तर छपरातून जाणारी उष्णता १५-१६ वॅटवर येते. फटी बुजवून हवा तासाला दोनदाच बदलू दिली तर तो आकडा २७. जाड पडदे नीट लावले तर काचेचा ७० च्या आसपास. बेरीज ११० च्या घरात, आठ अंशांना ९०० वॅट. तोच हीटर आता निम्म्यावर चालवून पुरतो.

सीलिंग कशाचं करायचं हा प्रश्न कोकणात पावसाळ्यावर ठरतो. जिप्समचं बोर्ड पत्र्याखाली लावू नका, गळती झाली की फुगतं. साधा प्लाय वाकतो. पीव्हीसीच्या पट्ट्या दिसायला फार काही नसतात, पण टिकतात. थर्माकोल उंदीर पोखरतात आणि तो पेटही घेतो, म्हणून आग रोखणाऱ्या जातीचा घ्या, उघडा ठेवू नका आणि वायरी त्याच्यातून न नेता पाइपातून न्या. थर्माकोल नको असेल तर दोन्ही बाजूंना चंदेरी असलेली बबल शीट पत्र्याच्या खाली, पोकळी सोडून ताणून लावा. पत्र्याला चिकटवली तर तिचा निम्मा गुण जातो. ही शीट मे महिन्यातही कामाला येते, आणि खरं सांगायचं तर कोकणात मे महिन्यासाठीच सीलिंग करायचं. थंडी त्यात फुकट सुटते. जो उपाय जानेवारीत ऊब देतो आणि मेमध्ये जीव नकोसा करतो, तो इथे उपाय नव्हे.

वर उघडी कौलं असतील तर गोष्ट वेगळी. कौलांमधून हवा सतत जात असते, म्हणूनच ती घरं उन्हाळ्यात सुखाची असतात. कौलारू पडवीत हवा तापवणारा कुठलाही हीटर लावू नका. गरम हवा वर जाऊन कौलांतून निघून जाणार. एकतर खाली बांबूच्या चटईचं नाहीतर कापडी छत ताणा, किंवा मी खाली सांगतो तसा किरणांनी शेकणारा हीटर घ्या.

काच, पडदे आणि दुपारचं फुकटचं ऊन

दुहेरी काच बसवली तर काचेतून जाणारी उष्णता निम्म्यावर येते. पण आपल्या थंडीचे दीड-दोन महिने, त्यातलेही पहाटेचे तास, एवढ्यासाठी सगळ्या काचा बदला असं मी कोणाला सांगणार नाही. नवीन पडवी करत असाल तर विचार करा. आहे तिथे पडदे.

पडदा जाड हवा, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे तो खाली जमिनीला किंवा कट्ट्याला टेकायला हवा आणि वर पेलमेट, म्हणजे दांडीवरची झाकणपट्टी, हवी. पडदा अधांतरी असेल तर त्याच्या आणि काचेच्या मध्ये हवा गार होऊन खालून खोलीत ओतली जाते. कट्ट्यापर्यंतचा पडदा, त्याला मागून जुन्या गोधडीचं अस्तर, हे मी एका घरात पाहिलं. वहिनींनी स्वतः शिवलं होतं. विकतच्या कुठल्याही ब्लाइंडपेक्षा ते बरं काम करत होतं. पावसाळ्यात पडवीला विणलेल्या झावळ्यांची झापं बांधायची आपली जुनी रीत आहेच, हे हिवाळ्यातलं झाप समजा.

पश्चिमेच्या पडवीला पहाटे ऊन नाही, पण दुपारी तीननंतर भरपूर आहे. डिसेंबर-जानेवारीत सूर्य सव्वासहाच्या आत-बाहेर मावळतो, आणि त्याआधीचे दोन तास तो इतका खाली असतो की ऊन थेट मागच्या भिंतीपर्यंत येतं. तेव्हा पडवी तापते, म्हणून सगळे पल्ले उघडतात, आणि दिवेलागणीला बंद करतात. तोवर सगळी ऊब गेलेली असते. पल्ले पाचला बंद करा. थोडं उकडेल, उकडू द्या. मागची भिंत चिऱ्याची असेल तर ती काही हजार किलोंचा दगड आहे. तापली तर मध्यरात्रीपर्यंत हळूहळू ऊब सोडते. त्या भिंतीला लाकडी पॅनेलिंग केलं असेल किंवा कपाटं लावली असतील तर ऊन तिच्यापर्यंत पोचतच नाही. सोफा काचेकडे आणि भिंत मोकळी, अशी मांडणी करा.

पाण्याची साठवणही चालते. २०० लिटरचं पिंप उन्हात दहा अंशांनी तापलं तर त्यात सव्वादोन युनिटांहून जास्त वीज जेवढी ऊब देईल तेवढी साठते. पडवीत पिंप कोण ठेवणार, हे मला कळतं. २० लिटरचे कॅन काळा रंग देऊन कट्ट्याखाली ओळीने ठेवता येतात. दहा कॅन म्हणजे एक पिंप. झाकणं घट्ट हवीत, नाहीतर डास आणि दमटपणा दोन्ही.

दक्षिणेला काच असलेली पडवी या बाबतीत नशीबवान. हिवाळ्यात इथे दुपारचा सूर्य ४९ अंशांवरच असतो, दिवसभर आत येतो. मेमध्ये तो डोक्यावर जातो आणि वळचणच त्याला अडवते. नवीन बांधणाऱ्यांनी समुद्राचा मोह थोडा आवरून दक्षिणेकडेही एक काच ठेवावी. समुद्र कुठे पळून जात नाही.

आता हीटर

माझं मत आधीच सांगून टाकतो: खोली तापवायच्या भरीस पडू नका, बसणाऱ्या माणसाला शेका. दोन तासांसाठी चाळीस घनमीटर हवा तापवायची आणि आठ वाजता ऊन आल्यावर पल्ले उघडून ती सोडून द्यायची, यात पैसा जातो.

त्यासाठी सगळ्यात सोपा तो लाल कांडीचा क्वार्ट्झ किंवा हॅलोजन हीटर. ४००, ८०० असे टप्पे असतात. तो हवा न तापवता समोरच्या अंगाला शेकतो, म्हणून कौलाखालीही चालतो, फटी असल्या तरी चालतो. खुर्चीपासून चार-पाच फुटांवर, पायांच्या रोखाने ठेवा. आजोबांना ८०० वॅट पुरतात. पडद्यापासून निदान तीन फूट लांब. काचेपासूनही तेवढाच लांब, कारण साधी काच एका जागी तापली आणि कडेला गार राहिली तर तडकते. तक्रार एकच असते, समोरून भाजतं आणि पाठ गार राहते. पाठीवर शाल घ्या, याला दुसरा उपाय नाही.

पंख्याचा हीटर, तो घोंघावणारा, लगेच गरम हवा देतो. लहान, खाली सीलिंग असलेली, बंद खोली असेल तर अर्धा तास वापरायला ठीक. धूळ आणि खारी हवा त्याच्या कॉइलवर बसते, म्हणून हंगामाच्या सुरुवातीला जळका वास येतो. आधी ब्रशने साफ करा, मग लावा.

तेलाचा हीटर, पंखांचा, चाकांवरचा. लाल काही दिसत नाही, आवाज नाही, पडदा चुकून लागला तरी हॅलोजनइतकी भीती नाही. पण त्याला तापायलाच अर्धा-पाऊण तास लागतो. उठल्यावर लावलात तर चहा संपेपर्यंत काहीच होणार नाही आणि तुम्ही तो परत करायला निघाल. त्याला सोळा अँपिअरचा टायमर लावा, पाचला सुरू, सातला बंद. घरात लहान मूल असेल किंवा पडवीत कोणी झोपत असेल तर मी हाच सुचवतो, अर्थात सीलिंग झालेलं असेल तरच. त्याच्यावर ओले कपडे वाळत घालू नका. का ते पुढे येतंय.

गरम-थंड एसी. हा महाग, पण पडवीत मेमध्ये एसी लावणारच असाल तर थोडे जास्त घालून हाच घ्या. तो बाहेरच्या हवेतली उष्णता उचलून आत आणतो, त्यामुळे एक युनिट विजेत साधारण तीन युनिटांची ऊब देतो. आपली थंडी त्याला किरकोळ आहे, बर्फाळ भागात त्याला जे त्रास होतात ते इथे नाहीत. घेताना रिमोटवर सूर्याचं चित्र आहे म्हणून फसू नका. नुसत्या थंड एसीच्या रिमोटवरही ते असतं. मशीनवर आणि माहितीपत्रकात गरम करण्याची क्षमता वेगळी लिहिलेली असते, ती बघा. बाहेरचं युनिट समुद्राच्या थेट तोंडाला लावू नका, घराच्या आडोशाला लावा, आणि दिवाळीनंतर एकदा बंद करून गोड्या पाण्याने हलका फवारा मारून मीठ धुऊन घ्या. गरम हवेसाठी पट्ट्या खाली वळवा, नाहीतर ऊब छताशीच राहते.

विजेचं ब्लँकेट किंवा शेकायची गादी ६० ते १०० वॅटमध्ये काम करते. आरामखुर्चीवर टाकली की झालं. गरम पाण्याची पिशवी तर न्हाणीघराच्या चुलीवरच्या हंड्यातून भरता येते. मधुमेहामुळे पायांना संवेदना कमी असलेल्यांनी पिशवी उघड्या पायांना लावू नये, भाजलेलं कळत नाही.

बिलाचा अंदाज हवा असेल तर: दोन हजार वॅट रोज तीन तास म्हणजे सहा युनिट, महिन्याला १८०. घरगुती बिलात १०० युनिटांनंतर वरचा टप्पा लागतो आणि तो चांगलाच चढा असतो. ८०० वॅट दोन तास म्हणजे महिन्याला ४८.

हीटर लावला की स्विच पडतो

इथे माझं खरं काम सुरू होतं. कुठला स्विच पडतो ते आधी बघा.

एमसीबी, म्हणजे भार वाढला की आपोआप पडणारा स्विच, पडत असेल आणि पडायला काही मिनिटं लागत असतील, तर भार जास्त आहे. दोन हजार वॅट म्हणजे जवळपास नऊ अँपिअर. पडवीत पूर्वी एक दिवा आणि एक पंखा होता, त्याच वायरीवर पाच अँपिअरचा साधा प्लग जोडलेला असतो, आणि हीटरची जाड पिन त्यात जात नाही म्हणून मध्ये अडॅप्टर. हे जळतंच. प्लगचा रंग पिवळसर-तपकिरी झाला असेल, मासळी करपल्यासारखा वास येत असेल, तर वापर ताबडतोब थांबवा. मुख्य बोर्डापासून वेगळी वायर, निदान अडीच स्क्वेअर एमएम तांबं, सोळा अँपिअरचा पॉवर प्लग आणि त्याची स्वतंत्र एमसीबी. एक्स्टेन्शन बोर्डावर हीटर नाही. मोठी एमसीबी बसवून प्रश्न सोडवू नका. त्याने स्विच पडायचा थांबतो आणि भिंतीतली वायर तापायला लागते.

आरसीसीबी, म्हणजे टेस्ट बटणवाला स्विच, हीटर लावताक्षणी पडत असेल तर भार नव्हे, गळती आहे. आणि कोकणात हंगामाच्या पहिल्या दिवशी हे हमखास होतं. तेलाच्या हीटरमधल्या किंवा गिझरमधल्या धातूच्या नळीच्या कॉइलमध्ये पांढरी पूड भरलेली असते, मॅग्नेशिअम ऑक्साइडची. ती ओल शोषते. हीटर चार महिने पावसाळ्यात माळ्यावर पडून असतो, पूड दमट होते, आणि वीज लावली की थोडी गळून बाहेरच्या धातूवर येते. स्विच आपलं काम करतो. हीटर बिघडला म्हणून लोक नवीन आणतात, किंवा त्याहून वाईट म्हणजे कोणीतरी 'शहाणा' अर्थची पिन काढून देतो. मग स्विच पडत नाही, आणि हीटरला हात लावणारा माणूस पडतो.

करायचं एवढंच: हीटर तीन-चार दिवस कडक उन्हात ठेवा, रात्री घरात घ्या. मग वायरमनकडून मेगर, म्हणजे गळती तपासायचं मीटर, लावून घ्या. आकडा सुधारला असेल तर हीटर चांगला आहे. नसेल सुधारला तर कॉइल गेली, बदला. काही झालं तरी आरसीसीबी बाजूला सारून हीटर चालवायचा नाही.

अर्थिंगही याच वेळी बघून घ्या. कातळावरच्या घरांत खड्डा मुळातच उथळ, आणि दिवाळीनंतर जमीन वाळली की अर्थिंग कमजोर होतं. खड्ड्यात आठवड्याला बादलीभर पाणी घालत जा.

कांडी लाल होते पण पूर्ण नाही

विजेचा दाब, म्हणजे व्होल्टेज, कमी. पहाटे सहा ते आठ गावभर गिझर आणि बागांचे पंप सुरू असतात. दाब २३० वरून १९० वर आला तर हीटरची ऊब नुसती त्या प्रमाणात कमी होत नाही, त्याहून जास्त घटते. दोन हजारचा हीटर जेमतेम १,३६५ वॅट देतो. हीटर दुकानात परत नेण्याआधी प्लगमध्ये मीटर लावून बघा. यावर स्टॅबिलायझर लावणं परवडत नाही. आपला गिझर आणि हीटर एका वेळी लावू नका, आणि तेलाचा हीटर असेल तर गाव उठायच्या आधी, पाचला तापवून घ्या. इन्व्हर्टरवर हीटर चालत नाही. १५० एएचच्या बॅटरीत सगळी मिळून अठराशे वॅट-तासांची वीज असते आणि घरगुती इन्व्हर्टर तेवढा भार उचलतच नाही. लाइट गेली तर शाल.

काचेवर आतून पाणी

बाहेर १२, आत १८ असेल तर एकेरी काचेचा आतला पृष्ठभाग साडेतेरा अंशांच्या आसपास असतो. आतल्या हवेत ८० टक्के दमटपणा असला तर साडेचौदालाच दव सुटतं. म्हणून काच रडते, पाणी ट्रॅकमध्ये साचतं आणि पडद्याच्या कडेला काळी बुरशी धरते. गळती समजून वरून सिलिकॉन मारण्यात अर्थ नाही.

दमटपणा कुठून येतो ते शोधा. पडवीत झोपणारी माणसं, दोरीवरचे कपडे, कुंड्यांना संध्याकाळी घातलेलं पाणी, स्वयंपाकघराचं उघडं दार. कपडे हलवा, कुंड्यांना सकाळी पाणी घाला. ऊन आल्यावर दहा मिनिटं समोरासमोरचे पल्ले उघडा आणि काच पुसून घ्या. थर्मामीटरवर दमटपणा ६५ च्या खाली राहिला तर बहुतेक वेळा काच कोरडी राहते.

गॅसचा हीटर याच कारणासाठी नको. एक किलो गॅस जळला की दीड किलोहून जास्त पाण्याची वाफ खोलीत येते.

शेगडी

पडवीत कोळशाची किंवा करवंट्यांची शेगडी ठेवून काचा बंद करायच्या नाहीत. एक पल्ला उघडा ठेवतो, असंही नाही. कोळसा लालबुंद झाला, धूर थांबला, की लोकांना तो निर्धोक वाटतो. कार्बन मोनॉक्साइड तेव्हाही निघत असतो, त्याला ना वास ना रंग, आणि त्याने आधी झोप येते. शेकोटी हवी तर अंगणात करा. फणसाच्या झाडाखाली बसून शेकायची मजा काचेच्या आत तशीही येत नाही.

फेब्रुवारी संपला की

हीटर पुसून, वायर गुंडाळून, दोन पिशव्यांत बांधून ठेवा, आत सिलिका जेलच्या चार पुड्या टाका. माळ्यावर कौलाखाली ठेवू नका, तिथे ओल सगळ्यात जास्त. घरातल्या कपाटात खालच्या कप्प्यात ठेवा. आणि जून ते सप्टेंबर महिन्यातून एकदा बाहेर काढून पंधरा-वीस मिनिटं चालवा, आरसीसीबी असलेल्या प्लगवरच. कॉइलमधली पूड कोरडी राहते, आणि डिसेंबरच्या पहिल्या गार पहाटे मला फोन करायची वेळ येत नाही.